कोट्टयमच्या चुलीवरील तिखट रस्सा



तिखट कालवणाचें नांव निघालें कीं महाराष्ट्रांतील मनुष्याला कोल्हापूरचा तांबडा रस्सा किंवा नागपूरचें सावजी मटण आठवतें. परंतु तिखटाची एक निराळी शाळा दक्षिणेस केरळांत आहे. कोट्टयम, पाला, चंगनाशेरी या बाजूच्या सुरियानी ख्रिस्ती घरांतून ती पिढ्यान्पिढ्या चालत आलेली असून तिचा मुख्य धडा म्हणजे बीफचा रस्सा. केरळांत ख्रिस्ती, मुसलमान आणि पुष्कळ हिंदु घरांतूनहि हें मांस खाल्लें जातें. परंतु कोट्टयमच्या बाजूस त्याला घरच्या सणाचें स्थान मिळालें आहे. तो रस्सा तेथें कसा शिजवितात, आणि तसाच कां शिजवितात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्यांच्या घरीं हें मांस वर्ज्य आहे, त्या श्रोत्यांनाहि यांत ऐकण्याजोगें कांहीं सांपडेल. चिवट मांस मऊ कसें होतें आणि तिखट जिभेला कां झोंबतें, हे प्रश्न बोकडाच्या मटणालाहि तितकेच लागू आहेत.

एका घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. पालाच्या बाजूस, मीनच्चिल नदीपासून थोड्या अंतरावर, रबराच्या झाडांच्या आड एक कौलारू घर आहे. ईस्टरची आदली रात्र. पन्नास दिवसांचा मोठा उपास संपत आला आहे. इतके दिवस घरांत मांस नाहीं, मासळी नाहीं. मध्यरात्रीनंतर चर्चमधील उपासना व्हावयाची, आणि ती आटोपून मंडळी घरीं परतलीं कीं उजाडतां उजाडतां उपास सुटावयाचा. त्या पहिल्या जेवणाचें कालवण रात्रींच चुलीवर चढवावें लागतें. या घरांत गेलीं चाळीस वर्षें तें काम आजीचें. या वर्षीं मात्र तिची नात पदर खोंचून उभी राहिली. नात परिचारिकेची परीक्षा उतरलेली. ईस्टरनंतर तीन आठवड्यांनीं कुवेतला नोकरीवर जावयाची. केरळच्या हजारों मुली अशाच जगभरच्या रुग्णालयांतून काम करतात. तिकडे गेल्यावर आपल्या हातचें आपणच जेवावें लागणार, हें तिला ठाऊक होतें. तिनें एक वही घेतली होती आणि आजीच्या तोंडून एकेक कृति उतरून घेण्याचा सपाटा लावला होता.

“अम्मच्ची, आज मी करीन. तूं नुसती बैस,” ती म्हणाली.

आजी चुलीशेजारच्या लांकडी स्टुलावर बसली. गुडघे दुखत असल्यानें तिला बसावयास निमित्त हवेंच होतें.

पहिली गोष्ट मांसाची. या भागांत पूर्वीं जें मांस बाजारांत येई, तें शेतांत व गाडीला राबलेल्या, वय झालेल्या जनावरांचें. आजहि केरळांत कत्तलीच्या जनावराचें वय व प्रकृति यांविषयीं नियम आहेत, आणि बीफ या नांवाखालीं जें मिळतें तें पुष्कळदां म्हशीचें किंवा रेड्याचेंच असतें. मल्याळम भाषेंत त्याला ‘पोत्तिरच्ची’ असें सरळ म्हणतात. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें बंदी झाली आणि २०१५ सालीं ती बैल व वळू यांनाहि लागू झाली; म्हैस त्या बंदींत नाहीं. त्यामुळें मुंबईंत राहणाऱ्या मल्याळी कुटुंबांच्या पातेल्यांत म्हशीचेंच मांस पडतें. चवींत फारसा फरक पडत नाहीं, असें तीं सांगतात.

राबलेल्या जनावराचें मांस चिवट असतें. जो अवयव जितका श्रमतो, तितका तो चिवट. मान, खांदा, छाती व पायाची नळी हे भाग म्हणूनच स्वस्त मिळतात. परंतु रश्श्यासाठीं जाणती गृहिणी मुद्दाम तेच मागते. त्यांत पांढऱ्या चिवट पडद्यांचें व दोरांचें जाळें असतें, आणि रश्श्याला दाटपणा व चमक त्या जाळ्यांतूनच येते. पाठीचें मऊ मांस घेतलें तर तें लौकर शिजतें खरें, पण जास्त वेळ चुलीवर राहिलें कीं कोरडें पडतें. आजीनें खाटकाकडून खांद्याचे व नळीचे तुकडे आणविले होते. एक किलो मांस, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे, धुऊन चाळणींत निथळलेलें.

आतां मसाला. आजीचें माप मुठीचें आणि चिमटीचें. नातीनें तें वहींत चमच्यांत बसविलें. एक किलो मांसाला धणेपूड दोन मोठे चमचे, तांबडें तिखट एक मोठा चमचा, हळद अर्धा लहान चमचा, भरड कुटलेलीं काळीं मिरीं एक मोठा चमचा. आलें दोन पेरें, लसणीच्या दहाबारा पाकळ्या. गरम मसाल्यासाठीं बडीशेप एक लहान चमचा, दालचिनीचे दोन तुकडे, पांचसहा लवंगा, तीन वेलदोडे आणि चक्रीफुलाच्या दोन पाकळ्या. या मसाल्यांत बडीशेप महत्त्वाची आहे. मराठी घरांतील गोड्या किंवा काळ्या मसाल्याची संवय असलेल्या नाकाला पहिला निराळेपणा जाणवतो तो तिचाच.

धणेपूड व तिखट हीं दोन्ही पुडें आजीच्या घरीं तशींच घालीत नाहींत. लोखंडी कढई मंद आंचेवर ठेवून त्यांत प्रथम धणेपूड व मग तिखट घालून सारखें हलवावें. कच्चा वास जाऊन खमंग वास येऊं लागला, आणि रंग किंचित् गडद झाला, कीं लागलीच कढई उतरवावी. नुसती उतरवून भागत नाहीं, पूड दुसऱ्या भांड्यांत काढून घ्यावी, कारण लोखंड तापलेलेंच असतें. येथें अर्धें मिनिट चुकलें तर पूड करपते, आणि करपलेल्या तिखटाचा कडवटपणा पुढें कशानेंहि झांकत नाहीं.

या मसाल्यांत मिरीं आणि मिरची एकत्र आलीं आहेत, याच्या मागें मोठा इतिहास आहे. मिऱ्यांचा वेल हा मलबारच्या डोंगरांतला, अगदीं घरचा. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत रोमन जहाजें मिऱ्यांसाठीं मुझिरिस बंदरांत येत. रोमचा पैसा या व्यापारापायीं पूर्वेकडे वाहून जातो, अशी तक्रार प्लिनी नांवाच्या लेखकानें इ. स. ७७ च्या सुमारास आपल्या ग्रंथांत केली आहे. त्या काळीं मलबारांत तिखटपणा यावयाचा तो मिऱ्यांनींच. मिरची त्या वेळीं या देशांत नव्हतीच, ती अमेरिकेंतली. वास्को द गामा १४९८ सालीं कोळिकोडच्या किनाऱ्यास लागला, आणि पुढील शतकांत पोर्तुगीजांच्या जहाजांतून मिरची आली. नवी वस्तु आली म्हणजे लोक तिला जुन्या वस्तूच्या नांवावरून नांव देतात. मल्याळी माणसाचें मिरीं म्हणजे ‘मुळगु’. नव्या मिरचीलाहि तो मुळगुच म्हणूं लागला, आणि जहाजांतून आलेलें मुळगु म्हणून ‘कप्पल मुळगु’ हें नांवहि रूढ झालें. मराठींत याच रीतीनें मिऱ्यावरून मिरची हें नांव पडलें. मलबारांत मिरचीनें बहुतेक पदार्थांत मिऱ्यांची जागा घेतली. पण मांसाच्या या रश्श्यांत मिऱ्यांनीं आपली जागा सोडली नाहीं. एकाच पातेल्यांत जुनें तिखट आणि नवें तिखट शेजारीं शेजारीं नांदतात.

रात्रीं अकराच्या सुमारास नातीनें मांसाला मसाला चोळला. भाजलेलीं पुडें, हळद, ठेचलेलें आलें-लसूण, अर्धी मिरपूड, अर्धा गरम मसाला, कढीलिंबाच्या दोन काड्या, मीठ आणि चमचाभर खोबरेल हें सर्व हातानें मांसाला लावून तिनें तें जाड बुडाच्या पातेल्यांत घातलें. खरें म्हणजे हें मांस तासभर तरी मुरत ठेवावयाचें; पण वेळ थोडा राहिला होता. चुलींत तीन जाड लांकडें सारून तिनें मोठा जाळ केला आणि मांस बुडेल इतकें पाणी ओतलें. पातेलें लौकरच रटरटूं लागलें. आजी कांहीं बोलली नाहीं. तिनें फक्त एकदां पाण्याच्या तांब्याकडे पाहिलें.

पाऊण तासानें नातीनें एक तुकडा काढून बोटांनीं दाबला. तो रबरासारखा घट्ट लागला. घातला होता त्याहून आकारानें लहान आणि त्याहून कठीण. तिनें दुसरा काढला, तोहि तसाच. तिचें तोंड उतरलें. सकाळीं घरांत चौदा माणसें जेवावयास बसणार, पन्नास दिवसांनीं पहिलें मांस ताटांत पडणार, आणि तें दांतांनीं तुटणार नाहीं!

“अम्मच्ची, मांस कडक झालें. बिघडलें सगळें.”

आजीनें तुकडा हातांत घेऊन पाहिला.

“मोळे,” ती म्हणाली, आणि मोळे म्हणजे तिकडच्या बोलींत पोरी, “कडक झालें नाहीं. अजून मऊ झालें नाहीं, इतकेंच.”

आजीनें कोणतेंहि पुस्तक वाचलें नव्हतें. पण तिच्या या वाक्यांत मांस शिजविण्याचें सारें शास्त्र आलें आहे. मांसाचे जे तंतु असतात, ते आंच लागतांच आखडतात आणि आपल्यांतील रस पिळून बाहेर टाकतात. म्हणून शिजूं लागलेलें मांस पहिल्यानें घट्टच होतें. परंतु त्या तंतूंना बांधून ठेवणारें जें पांढरें जाळें, ज्याला शास्त्रज्ञ कोलॅजन म्हणतात, तें ओल्या आंचेंत हळूहळू विरघळून त्याचें मऊ, चिकट जिलेटिन होतें. पायांचें सूप थंड झालें म्हणजे थिजतें, तें याच जिलेटिनमुळें. तंतु आखडावयास कांहीं मिनिटें पुरतात. जाळें विरघळावयास तास लागतात. जनावर जितकें जुनें, तितकें जाळें घट्ट विणलेलें आणि तितका वेळ अधिक. या दोन क्रियांच्या मध्यें जो काळ जातो, त्या काळांत पातेलें उघडून पाहणारा मनुष्य निराश होतो, आणि नेमका तेथेंच विस्तव विझवून बसतो.

जाळ वाढवूनहि उपयोग होत नाहीं. पाणी १०० अंशांवर उकळतें. मग खालीं एक लांकूड असो वा पांच, उघड्या पातेल्यांतील रस त्याहून अधिक तापत नाहीं. मोठ्या जाळानें पाणी तेवढें आटतें, तुकडे एकमेकांवर आपटतात आणि मांस बाहेरून फाटूं लागतें. प्रेशर कुकरमध्यें मात्र वाफ कोंडल्यामुळें आंतील आंच सुमारें १२० अंशांवर जाते, आणि तीन तासांचें काम पाऊण तासांत उरकतें. आतां केरळांतील बहुतेक घरांतून रोजच्या रश्श्याला कुकरच वापरतात आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. आजीच्या घरींहि दोन कुकर होते. ईस्टरचें पातेलें तेवढें चुलीवर चढे.

आजीच्या सांगण्यावरून नातीनें दोन लांकडें बाहेर ओढलीं आणि राहिलेल्या एकाचे निखारे सारखे केले. वर आलेलें पाणी दोन वाट्या काढून ठेवलें. “मांसाला स्वतःचें पाणी असतें,” आजी म्हणाली, “तें सुटूं दे. आपण ओतलेल्या पाण्यांत तें शिजलें तर चव पाण्याला जाते.” काढलेला रस टाकला नाहीं, पुढें लागेल तसा परत घालावयाचा होता. मग झांकण ठेवलें, आणि पातेल्यांतून क्वचित् एखादाच बुडबुडा फुटल्याचा आवाज येऊं लागला.

त्या वेळांत दोघी कांदे सोलीत बसल्या. हे कांदे आपल्या बाजारांतल्यासारखे मोठे नव्हेत. सुपारीएवढे, जांभळट आणि गोडसर. पाव किलो कांदे सोलून उभे चिरावयाचे. ओल्या नारळाचे नखाएवढे पातळ काप अर्धी वाटी. कढीलिंबाच्या चार काड्या. नातीनें मधेंच रस चाखला आणि तिला तो फिका वाटला. ती तिखटाच्या डब्याकडे वळली, तेव्हां मात्र आजीनें तिचा हात धरला.

तिखट ही खरें पाहतां चव नव्हे. गोड, आंबट, खारट, कडू या चवी जिभेला कळतात. तिखट ही आंच आहे. मिरचींत कॅप्सायसिन नांवाचें एक द्रव्य असतें. शरीरांत ज्या मज्जातंतूंच्या टोकांना चटका कळतो, त्याच टोकांना हें द्रव्य जाऊन लागतें, आणि मेंदूला भाजल्याची वर्दी पोहोंचते. वस्तुतः कांहीं भाजलेलें नसतें. हें टोंक नेमकें कसें काम करतें याचा शोध १९९७ सालीं डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं लावला, आणि त्या कार्यासाठीं ज्युलियस यांना २०२१ सालीं दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें. मिऱ्यांतील द्रव्य निराळें, पण तेंहि त्याच दारावर थाप मारतें. म्हणूनच तिखट खाल्लें कीं चटका बसल्यासारखा घाम फुटतो.

कॅप्सायसिन पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तेलांत व चरबींत विरघळतें. यावरून स्वयंपाकघराला उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी निघतात. एक, तोंड भाजलें असतां पाणी पिऊन आराम पडत नाहीं. ताक, दूध किंवा दहीं घ्यावें. दुसरी, शिजत्या पाण्यांत चाखलेलें तिखट हें शेवटचें तिखट नव्हे. मसाला तेलांत परतला जाऊन तुकड्यांवर चढला, कीं तोच रस्सा अधिक झोंबतो. फिका वाटला म्हणून आधींच डबा ओतणारा मनुष्य शेवटीं पस्तावतो. आजीनें यांतलें कांहींच सांगितलें नाहीं. ती म्हणाली, “अजून मिरीं जायचीं आहेत, आणि तेल जायचें आहे. त्यांना बोलूं दे.”

अडीच वाजले. मंडळी चर्चला निघण्याची तयारी करूं लागलीं. नातीनें पातेल्याचें झांकण उचललें. रसावर तांबूस तवंग आला होता. तिनें तुकडा घेऊन अंगठा आणि तर्जनी यांमध्यें दाबला, आणि तो आपल्या धाग्यांच्या रेषेवर अलगद दुभंगला. पांढरा दोर होता तेथें आतां चिकट, पारदर्शक कांहींतरी बोटांना लागलें. तिनें आजीकडे पाहिलें. आजीनें मान हलविली आणि पातेलें खालीं उतरवावयास सांगितलें. आजी गुडघ्यांमुळें घरींच राहिली. बाकीचीं सर्व अंधारांत मेणबत्त्या घेऊन निघून गेलीं.

मंडळी परतलीं तेव्हां उजाडावयास अवकाश होता. आतां शेवटची कृति. कांशाच्या पसरट उरुळींत चार मोठे चमचे खोबरेल तापवून नातीनें प्रथम नारळाचे काप तळले. ते कडेनें बदामी झाल्यावर कांदे, मग कढीलिंब. कांदा मऊ पडून कडांनीं तांबूस होईपर्यंत परतावा. मग शिजलेलें मांस रसासकट त्यांत ओतावें, काढून ठेवलेल्या रसांतून हवा तेवढा परत घालावा, आणि मंद आंचेवर पंधरा मिनिटें उकळी येऊं द्यावी. राहिलेला गरम मसाला आणि राहिलेलीं मिरीं हीं अगदीं शेवटीं. मिऱ्यांचा झोंबरेपणा टिकतो, पण सुगंध उडून जातो. म्हणून अर्धीं मिरीं आरंभीं आणि अर्धीं उतरवितांना, अशी ही रीत. उरुळी उतरवून झांकून दहा मिनिटें तशीच ठेवली म्हणजे तेल वर येतें आणि रस्सा ताटांत वाढण्याजोगा होतो.

ईस्टरच्या सकाळीं या रश्श्याबरोबर तांदळाचे अप्पम असतात. एरवीं, साध्या दिवशीं, त्याचा सोबती म्हणजे ‘कप्पा’, तोच ज्यापासून साबुदाणा करतात तो कंद. तोहि दक्षिण अमेरिकेंतून आलेला. त्रावणकोरच्या गादीवर १८८० ते १८८५ पर्यंत असलेले विशाखम तिरुनाळ महाराज यांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. पुढें १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हां त्रावणकोरांतील गरिबांना या कंदानेंच जगविलें. कंद उकडून त्याचें पहिलें पाणी टाकून द्यावयाचें असतें, कारण कच्च्या कंदांत विषारी अंश असतो. मग त्याला खोबरें, हळद, हिरवी मिरची यांचें वाटण लावून घोटतात. कंद सौम्य, रस्सा जहाल. एक दुसऱ्याला सांवरून घेतो. स्वस्त मांस आणि स्वस्त कंद यांचें हें जेवण एके काळीं मजुराचें होतें. आज तें मोठ्या हॉटेलांतूनहि मानानें वाढलें जातें.

रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशीं त्याचें रूप पालटतें. उरुळी पुन्हां मंद आंचेवर ठेवून, थोडें खोबरेल व कढीलिंब घालून, सर्व रस आटेपर्यंत मांस परतीत राहावयाचें. अर्ध्यापाऊण तासांत तें काळसर होतें आणि मसाला प्रत्येक तुकड्याला घट्ट चिकटतो. यालाच तिकडे ‘उलर्तियद’ म्हणतात. ओल कमी असल्यानें तें रश्श्याहून अधिक टिकतें. म्हणून वसतिगृहाला परतणाऱ्या मुलाच्या डब्यांत आई रस्सा देत नाहीं, उलर्तियद देते.

त्या सकाळीं चौदा माणसें जेवलीं. कोणी विशेष कांहीं बोललें नाहीं. अप्पम मात्र दोनदां करावे लागले. आजीनें एक तुकडा खाल्ला, दुसरा घेतला, आणि नातीला इतकेंच विचारलें, “वहींत काय लिहिलेंस?”

वहींत सर्व मापें होतीं. शेवटच्या ओळींत मांस शिजवावयाच्या वेळेपुढें नातीनें ‘साडेतीन तास’ असें लिहिलें होतें. आजीनें तें खोडावयास सांगितलें. नातीला तें चमत्कारिक वाटलें. सर्व मापांत जें सर्वांत महत्त्वाचें, तेंच कां खोडावें? पण वाद न घालतां तिनें तें खोडलें आणि आजीनें सांगितलें तसें लिहिलें: ‘बोटांत दुभंगेपर्यंत.’

त्याचा उलगडा कुवेतला झाला. महिन्याभरानें, पहिल्या सुटीच्या दिवशीं, तिनें तेथील दुकानांतून एक किलो मांस आणलें. मसाल्याच्या पुड्या आईनें बांधून दिल्या होत्या. नारळ आणि कढीलिंब तेथें मिळाला. मांस चुलीवर नव्हे, गॅसच्या शेगडीवर चढलें. पाऊण तासानें तिनें तुकडा दाबला तेव्हां तो घट्ट होता. या वेळीं तिचें तोंड उतरलें नाहीं, तिनें आंच कमी केली. आणखी अर्धा तास गेला. तुकडा बोटांत दुभंगला. तें मांस कोवळ्या जनावराचें होतें. वहींत साडेतीन तास लिहिलेले असते आणि ते तिनें मोजले असते, तर रश्श्यांत नुसता चोथा उरला असता. पालाचे साडेतीन तास कुवेतला सव्वा तासाचे झाले. बोटांची परीक्षा तेवढी दोन्हीकडे खरी ठरली.

त्या संध्याकाळीं खोलींतील आणखी तिघी मुली जेवावयास बसल्या; त्यांतली एक मराठी, वसईची. तिनें पहिला घांस घेतला आणि डोळ्यांत पाणी आलें, तें तिखटानें कीं घरच्या आठवणीनें, हें तिनें सांगितलें नाहीं. नातीनें तिच्यापुढें पाण्याचा पेला न ठेवतां दह्याची वाटी सरकविली.

ज्या श्रोत्यांना हा रस्सा घरीं करून पाहावयाचा असेल, त्यांनीं मापांत आपल्या जिभेप्रमाणें थोडें कमीजास्त खुशाल करावें. मिरच्यांचीहि तिखट-सौम्य जात पाहून घ्यावी. पुडें करपूं देऊं नयेत, पाणी बेताचें घालावें, मिरीं दोनदां घालावीं. आणि पाऊण तासानें मांस कठीण लागलें तर तें बिघडलें असें समजून पातेलें उतरवूं नये. तें तेव्हां अर्ध्या वाटेवर असतें.